तोंडाला बांधलेला स्कार्फ

प्रिय ज्योत्स्ना,

चंदन सुखरूप आहे. आधी एवढं वाच, पाणी पी, मग पुढचं वाच. रोज संध्याकाळी फोनवर बोलतो, तरी अक्काला पत्र कुठून सुचलं म्हणशील. तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर आणि तुझ्या सासूबाई, सुनंदाबाई, शेजारीच. मला जे सांगायचंय ते आधी तू एकटीने ऐकायला हवं. चुडामणभाऊ केळीचा ट्रक घेऊन धुळ्याकडे निघालेत, ते तुझ्या कंपनीच्या गेटवर तुझ्याच हातात हे देतील.

चंदन सव्वादोन वर्षांचा होता, तेव्हा तू घाबरून विचारलं होतंस, अक्का, हा एक शब्द बोलत नाही, डॉक्टरला दाखवू का? तुझ्या सासूबाईंचं ठरलेलं होतं, त्याना बाप बी उशिराच बोलना, बठ्ठं ठीक शे. बापही उशिराच बोलला, सगळं ठीक आहे म्हणे. त्यांचं सोड. मी वीस वर्षं अंगणवाडी चालवणारी शहाणी, मीच म्हटलं, अगं, आईची बोली सावद्याची, आजीची नरडाण्याची, गोंधळलंय लेकरू. थांब जरा. आणि तू थांबलीस, कारण अक्का म्हणाली.

तसं का म्हटलं ते कधी सांगितलं नाही. केळीच्या बागेत कामाला आलेल्या पावरा आदिवासी कुटुंबातली सुमली माझ्याकडे यायची. महिनाभर तोंड उघडलं नाही, तर मी कागदावर तिला मंदबुद्धी लिहून मोकळी झाले. मग एक दिवस ती अंगणात धाकट्या भावाला रागावत होती, तिच्या पावरी बोलीत, अशी घडाघडा की ऐकत राहावं. मला इतकी लाज वाटली. कानाला खडा लावला, गप्प पोरावर परत शिक्का मारायचा नाही. माझा तोच नेम चंदनच्या मुळावर आला.

दिवाळीनंतर तू त्याला माझ्याकडे ठेवलंस, तेव्हापासून तो सांगितलेलं सगळं करायचा. ताटल्या मांडायचा, टाळ्या वाजवायचा. केळीचा ट्रक आला की सगळ्यांच्या आधी दाराशी. मी म्हणायचे, कान ठणठणीत आहेत. गेल्या सोमवारी उन्हातून आले, तोंडाला स्कार्फ तसाच. म्हटलं, चंदन, तांब्या दे. तो समोर उभा राहून माझ्या डोळ्यांकडे बघत राहिला. परत म्हटलं, तरी तसाच. स्कार्फ सोडून तेच म्हटलं, तर पळत जाऊन तांब्या घेऊन आला. त्या दिवशी मी चार वेळा स्कार्फ बांधला आणि सोडला. पाचव्यांदा धीर झाला नाही. हे पोर वर्षभर आमची तोंडं वाचत होतं, ज्योत्स्ना.

गुरुवारी तुला फोनवर म्हटलं, त्याला मेहरूणच्या तलावावर नेते. खोटं बोलले. जळगावला कान तपासायला नेलं होतं. दोन्ही कानांनी जड आवाज तेवढे जातात, ट्रक, ढोल. बोलणं जात नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साडेतीन वर्षं म्हणजे उशीर झाला, पण वेळ गेलेली नाही. आता यंत्रं लावून बोलायचं शिकवलं तर शिकेल. अजून वर्ष घालवलं तर त्या काही सांगू शकत नाहीत. परतीच्या बसमध्ये तो माझ्या मांडीवर झोपला आणि मी सावद्यापर्यंत त्याच्या कानांवरून हात फिरवत होते.

मला सगळ्याची भीती वाटते. सुनंदाबाई म्हणतील, कानात यंत्र दिसलं की गाव बहिरा म्हणेल, आणि नवीनराव आईपुढे शब्द काढणार नाहीत. तू माझं तोंड बघणार नाहीस याचीही भीती वाटते. नको बघू. ते मी सोसेन. पण सोमवारी सकाळच्या गाडीने जळगावला उतर. मी चंदनला घेऊन स्टेशनवर असेन. मापं दिली आहेत, यंत्रं त्याच दिवशी बसतील, फक्त कागदावर सही आईची लागते. रोज संध्याकाळी तू त्याला फोनवर गाणं म्हणतेस आणि तो हसतो, ते माझ्याकडे बघून हसतो. मी हसते म्हणून. तुझं गाणं त्याला अजून ऐकू गेलेलं नाही. सोमवारी पहिली हाक तू मार. माझा आवाज त्याच्या कानात आधी जायला नको. मी दवाखान्याच्या दाराबाहेर उभी राहीन.

तुझीच,
अक्का