तात्यांची शेवटची पिशवी

गुरुवार, संध्याकाळ

वॉर्डातले सिन्नरचे तात्या आज दुपारी वारले. लिव्हर पार सुकलं होतं. सकाळीच माझ्याकडे श्वासाची तपासणी झाली होती त्यांची. तपासणीच्या पिशवीत फुंकून म्हणाले, "पोरी, नुसत्या हवेत काय दिसतंय गं तुला?" लिव्हर किती काम करतंय ते दिसतं, म्हटलं.

तपासून झालेल्या पिशव्या मी रोज हातानं दाबून रिकाम्या करते. आज त्यांची शेवटची दाबवेना. पर्समध्ये घालून घरी का आणली, मलाच कळत नाही.

तोंड घट्ट बंद केलं होतं. मघाशी टम्म होती. आता निम्मीच फुगलेली आहे, आणि खोलीत तात्यांच्या तोंडाचा तो गोडसर वास येतोय.

खिडकी उघडायला हवी. उघडवत नाही.