रविवारची तिसरी घंटा

अण्णा,

शेंद्र्याच्या कंपनीतल्या नोकरीला मी परस्पर नकार कळवला. तुम्ही नेहमी विचारता, "नाटकात तू असतीस कुठं?" काल प्रयोगात मध्येच लाइट गेली. मी स्टेजवर चिकटवलेल्या रेडियमच्या पट्ट्या बघत नटी अंधारात बरोबर खुर्चीत जाऊन बसली. लाइट आल्यावर ते बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथं असते.

हे काम किती वर्षं पुरंल, याची भीती मलाही लई वाटते.

रविवारी प्रयोगाला लासूरहून तुम्ही येणार, म्हणजे उशीर होणारच. तिसरी घंटा मी दिल्यावरच पडदा उघडतो. आमदारासाठीसुद्धा ती कधी थांबवली नाय. हे पत्र टाकत नाय, नाहीतर तुम्ही अजूनच निवांत निघाल. पण रविवारी तुम्ही खुर्चीत बसल्याशिवाय मी घंटेला हात लावणार नाय.

पडद्यामागून,
तुमची तनुजा