डाव्या हाताची निब

प्रिय धाकट्या,

कालपासून तुझे सात फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. मुद्दाम उचलला नाही. तुझा आवाज ऐकला असता तर नेहमीसारखी विरघळले असते, आणि मग फोन ठेवल्यावर स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली असती. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात तुला मध्येच हसून विषय बदलता येत नाही. तुला काय हवंय ते मला ठाऊक आहे. लिलावघरानं मला तपासायला दिलेल्या त्या हिरव्या पेनाच्या अस्सलपणाच्या दाखल्यावर तुला माझी सही हवी आहे. पेन तुझं आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं बरं का. ते दुसऱ्याच कुणा विक्रेत्याच्या नावानं आलं होतं. ते आधी पेनानं सांगितलं आणि मग तुझ्या फोनांनी.

खरं सांगू, मला या सगळ्या गोतावळ्याचाच वीट आलाय. गेल्या आठवड्यात लिलावघरात बैठक होती. पांढरे हातमोजे घातलेली सहा मोठी माणसं टेबलाभोवती बसून तुझं पेन एकमेकांकडे देत होती, तान्हं मूल द्यावं तसं. त्यांत ते भिंगवाले काका होते. चहा पितानाही गळ्यातलं भिंग काढत नाहीत ते, म्हणून मी ठेवलेलं नाव. चारशे पेनं आहेत त्यांच्याकडे आणि एकातही कधी शाई भरलेली नाही, हे ते छाती फुगवून सांगतात. शाई लागली की पेन बाटलं, असं त्यांचं म्हणणं. आणि हजेरीच्या कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा या गृहस्थांनी खिशातून काय काढावं? शेंडा चावून चावून चपटा झालेलं प्लास्टिकचं बॉलपेन! शी!

तर तुझं पेन. शेवाळी दोनकडी. तुला हे शिकवायची गरज नाही, पण लिहिते, म्हणजे मी किती नीट पाहिलं ते तुला कळेल. हे ज्या कारखान्याचं, त्याच्या हिरव्या पेनांच्या टोपणावर धातूची तीन बारीक कडी असतात. तसली पेनं पैशाला पासरी. बाबांच्या दुकानात दुरुस्तीला दिवसाआड एखादं यायचंच. पण एका वर्षी काही महिनेच त्यांनी तीनऐवजी दोन रुंद कडी बसवली, आणि त्या वेळचा हिरवा रंगही जरा मळकट निघाला, शेवाळासारखा. तीच ही दोनकडी. अशी किती उरली असतील कोण जाणे. ओळखायची तर नुसती कडी मोजून भागत नाही, कारण कडी कुणीही बदलतो. टोपणाच्या आतल्या आट्या मोजायच्या, क्लिपखाली उजेड न लागलेला रंग कसा आहे ते बघायचं, नळीवरचा कारखान्याचा ठसा नखानं चाचपायचा. तुझं पेन या सगळ्यातून बिनबोभाट पार पडलं. मानलं तुला. मीही पहिल्या दिवशी भुलले, आणि पेन घरी आणताना खुशीत होते, हे कबूल करते.

घरी आल्यावर मी बाबांनी लावलेली सवय मोडली नाही. आठवतं ना, ते काय सांगायचे? आधी लिहून बघायचं, मग भिंग हातात घ्यायचं. तू तेव्हा कंटाळायचास. दुकानातल्या त्या उंच स्टुलावर बसून पाय हलवत म्हणायचास की कडी मोजली की झालं, उगाच हात कशाला निळे करायचे. मी मात्र त्यांच्या शेजारी उभी राहून लिहीत असायचे, कारण घरात डावखुरे आम्ही दोघंच आणि त्याचा मला कोण तोरा! इतरांची निब माझ्या हातात खरखरायची. बाबांची तेवढी चालायची. ती त्यांनी डाव्या हातासाठी स्वतः एका अंगानं घासलेली होती, आणि पुढे तीस वर्षं लिहून लिहून ती त्याच अंगानं आणखी झिजली. तुझ्या उजव्या हातात तर ती कागद फाडायची. एकदा तू रागानं ते पेन टेबलावर आपटलंस, आणि बाबा अर्धा दिवस निब सरळ करत बसले.

परवा सकाळी मी तुझ्या पेनात शाई भरली. हो, बाटवलं मी ते! आणि कोऱ्या कागदावर पहिली ओळ ओढली. धाकट्या, निब कुठेही अडली नाही. खरखर नाही, थांबणं नाही. माझा हात आपोआप वळला, जसा त्या दुकानात वळायचा. उजव्या हातात धरून पाहिलं तर कागद फाटला. मला आधी आनंद झाला, हे किती विचित्र आहे बघ. आणि मग कळलं, हे बाबांचंच पेन आहे.

मग मी भिंग घेतलं, पण आता काय शोधायचं ते ठाऊक होतं. जुन्या तीन कड्यांच्या खाचा तू त्याच रंगाच्या भुकटीनं भरल्या आहेस. काम सुरेख आहे, डोळ्यांना दिसत नाही. पण अंगठ्यानं घासलं की पेनाच्या जुन्या सेल्युलॉइडला कापराचा वास येतो आणि तुझ्या त्या खाचांना नखं रंगवायच्या बाटलीचा. अजूनही तो वास माझ्या बोटांवर आहे असं वाटतं. चारदा हात धुतले. नळीवर एका जागी तू इतकं पॉलिश केलंयस की ती केसभर चपटी झालीये. तिथे काय होतं हे आपल्या दोघांना ठाऊक आहे. दुकान उघडलं त्या दिवशी आईनं बाबांना हे पेन दिलं, त्यावर दोन शब्द कोरून घेतले होते: सावकाश लिहा. बाबांचं घाईचं अक्षर तिला कधी लागायचं नाही म्हणून. ते शब्द तू यंत्रावर धरून घासून टाकलेस. आणि तो शेवाळी रंग, ज्याला सगळे भुलले, तो कुठल्या कारखान्यात झालेला नाही. बाबांच्या तळव्याच्या घामानं तीस वर्षांत तो तसा मळलाय. तेवढी एकच गोष्ट त्या पेनात खरी आहे, आणि तू तीच विकायला काढलीस. निब तू बदलली नाहीस, कारण मूळची निब असली की दाखला सोपा. त्या पेनानं लिहून मात्र पाहिलं नाहीस. तुम्ही कुणी लिहीतच नाही ना!

मला तुझी किळस आली. लिहून टाकते, म्हणजे मनात राहायला नको. पण तुझ्यावर एवढं तोंडसुख घेणारी मी तरी कुठली धुतल्या तांदळाची? तीन वर्षांपूर्वी तू एक काळं पेन दाखल्यासाठी आणलं होतंस, त्याची क्लिप मला तेव्हाच खटकली होती. तू माझ्यासमोर बसून वाटीभर दाणे खाल्लेस, जुन्या गोष्टी काढून मला हसवलंस, आणि मी सही केली. संशय होता आणि तरी केली. तेव्हा गप्प बसले, म्हणून तू आज इथवर आलास. स्वतःचीही तेवढीच किळस येते मला. म्हणून आज सकाळी लिलावघराला अहवाल पाठवला तेव्हा त्यात दोन्ही पेनांचं लिहिलं. हे हिरवं पेन जुळवून केलेलं आहे, आणि मागचं काळं पेन मी चुकीचं प्रमाणित केलं, जाणूनबुजून. यापुढे माझ्या सहीला तिथे कोण विचारेल? नाही विचारलं तर नाही. तुझं नावही लिहिलं आहे.

एवढंच असतं तर फोनवर दोन वाक्यांत संपवलं असतं. पण परवा मी तो चाचणीचा कागद जेवणाच्या टेबलावर विसरले. आई चष्मा लावून तिथे बसली होती. मी आत आले तर कागद दोन्ही हातांत धरून मला विचारते की बाबांचं हे अक्षर कुठे सापडलं, आणि शाई इतकी ओली कशी. निब तीच, हातही डावाच; तिला दुसरं काय वाटणार? मला खोटं बोलता आलं नाही. नऊ वर्षं ती त्या एका गोष्टीवर शांत झोपते आहे रे. बाबांना शेवटचं नेलं त्या दिवशी आम्ही दोघी आतल्या खोलीत होतो, आणि तू बाहेरून येऊन रडत रडत तिला सांगितलंस की त्यांचं पेन तू त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलंस. तेव्हापासून कुठलीही वस्तू हरवली की ती म्हणते, जाऊ दे, त्यांचं पेन त्यांच्यापाशी आहे ना. आता ती रागावलेली नाही, रडतही नाही. खिडकीशी बसते आणि दिवसातून दोनतीनदा मला एकच विचारते. हे पत्र तिनंच लिहायला लावलं, त्याच पेनानं, सावकाश. लिलावघराचा माणूस उद्या ते पेन न्यायला येईल, म्हणून आजच लिहिते. तिला तुझी माफी नको आहे, कारणंही नकोत. त्या दिवशी बाबांच्या खिशात तू काय ठेवलं होतंस, एवढंच तिला विचारायचं आहे. रविवारी ये आणि तिच्यासमोर बसून सांग. खिसा रिकामा होता असं असेल, तर तेही तूच सांग. माझ्या तोंडून ते निघणार नाही.

एवढं सगळं लिहूनही, अजून तुझीच,
ताई