मामांना न ओळखणारे गाव

वर्धा, दि. १८ जानेवारी १९५५

ती. सदाशिवमामा यांस,
मधुकरचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व कुशल. तुमची व ती. मामींची प्रकृती उत्तम आहे असे धरून चालतो, कारण पुढे जी विनंती करणार आहे तिला उत्तम प्रकृतीच लागते.

लोकप्रशासन या विषयात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांची परिषद महिनाअखेर वर्ध्याला भरते आहे. लोकप्रशासनाचा अभ्यास लोकांच्या जवळ राहून व्हावा म्हणून नागपूरऐवजी वर्धा निवडले, असे पत्रिकेत छापले आहे. नागपूरचे सभागृह त्या आठवड्यात लग्नाला दिले गेले, हे छापलेले नाही.

माझा निबंध पहिल्याच दिवशी आहे. खेड्यातला माणूस तालुक्याच्या जनपद सभेसाठी मत देतो, पण आपला सभासद म्हणून कोण निवडून आला हे त्याला ठाऊकच नसते, असा माझा निष्कर्ष. हिंगणघाटकडच्या गावांत पायपीट करून काढला आहे. लखनौच्या चतुर्वेदी नावाच्या विद्यार्थ्याला तो पटत नाही. एखाद्या गावात सर्वांना नेऊन दाखवा, असे त्याने आधीच लिहून कळवले. आमच्या सरांनी ते मान्य केले आणि जिथे मोटार पोचेल व जेवण मिळेल असे गाव मला सुचवायला सांगितले. माझ्या तोंडून सालईखेडी निघून गेले. मी जेवणाचा विचार केला, निष्कर्षाचा केलाच नाही.

आता झोप उडाली आहे. तुमच्या भागाचे सभासद तुम्हीच. सालईखेडीतले शेंबडे पोरही तुम्हाला ओळखते. निष्कर्ष तिथे कोसळला तर नवा विषय घ्यावा लागेल असे सर म्हणतात, म्हणजे आजवरचे सारे पाण्यात. पण गाव आता बदलता येत नाही. शनिवारी, २९ तारखेला दुपारी तीसेक माणसे येतील.

ती. मामींस सा. न. आजवर माझ्यावर जो लोभ केलात, त्यात आता एका पंगतीची भर घालावी.

तुमचा,
मधुकर


सालईखेडी, पो. रोहणा, दि. २२ जानेवारी १९५५

चि. मधुकर यास अ. उ. आ.

तुझे पत्र बाजाराच्या दिवशी मिळाले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असे तुझी मामी म्हणाली आणि लगेच वांग्यांचा अंदाज बांधू लागली. रोडगे आणि वांग्याची भाजी करू. वेचणी चालू आहे, पण कापूस एक दिवस झाडावर थांबेल.

निष्कर्षाचे म्हणशील, तर तो मला थोडा लागला. मी सभेत गेल्यापासून शाळेच्या छपरावर कवेलू चढले, विहिरीला काठ बांधून झाला. त्यासाठी मला किती खेटे घालावे लागले ते मामीला विचार. अशा माणसाला लोक ओळखत नाहीत, हे विद्यापीठातच सुचू शकते. पण पोराचे शिकणे अर्धवट राहू देऊ नकोस, असे तुझी आई जाताना मला सांगून गेली. ते मी विसरलेलो नाही. निवडणूक काय, पुन्हा येईल आणि जाईल.

तू बिनघोर निबंध वाच. गाव माझे आहे, बाकीचे मी पाहतो.

मामीचा आशीर्वाद. आमचा जीव तुझ्यात आहे, हे काही लिहावे लागत नाही.

तुझा,
सदाशिवमामा


वर्धा, दि. ३१ जानेवारी १९५५

ती. मामा यांस,
मधुकरचा सा. न. वि. वि.

रोडगे फार उत्तम झाले होते. मद्रासचे दोघे अजून त्यांच्याविषयीच बोलतात, लोकप्रशासनाविषयी बोलत नाहीत.

पण मामा, हे काय करून ठेवलेत?

मारुतीच्या पारावरच्या सगळ्यांनी एका सुरात सांगितले, की सभासद कोण ते माहीत नाही. भागाबाई रोज तुमच्या ओसरीवर भाजीची टोपली उतरवते. तिने तर प्रश्न पुरा होण्याआधीच नाही म्हटले. तुमचा सालदार कवडू अंगणात पाणी वाढत होता. चतुर्वेदीने सभासदांच्या यादीतले नाव वाचून त्याला सदाशिवराव कोण असे विचारले, तेव्हा तो तुमच्याकडेच पाहत म्हणाला, "कोन सदाशिवराव? मले नाई मालूम जी." आणि वळून, मालक, आणखी पाणी आणू काय, असे त्याने तुम्हालाच विचारले. मामींपुढे प्रश्न आला तेव्हा त्यांनी पदर ओढून मान खाली घातली. त्या नवऱ्याचे नाव घेत नाहीत हे मी जाणतो. चतुर्वेदीने माहीत नाही असे लिहून घेतले. तुम्ही तर सरांना, आपण जेवणाची व्यवस्था पाहणारे, असे सांगून वांगी वाढत राहिलात.

दोघे-तिघे पायवाट धरून नाल्यापलीकडच्या टोल्यावर, गोंडांच्या वस्तीवर, गेले होते. तिथेही तेच उत्तर मिळाले. तुम्ही तिथवर माणूस धाडलात, या बंदोबस्ताला दाद द्यायला हवी.

समारोपात चतुर्वेदीने उभे राहून माझी माफी मागितली. सरांनी पाठ थोपटली. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखे झाले. माझ्यासाठी तुम्ही आपले नाव गावाकडून पुसून घेतलेत, तेही हसतमुखाने. पंगतीत माझ्या डोळ्यांत पाणी आले ते मद्रासकरांनी भाजीच्या तिखटाचे समजून मला गूळ वाढायला सांगितला.

खोट्याच्या जोरावर मला पदवी नको. सर मुंबईला गेले आहेत, ते येत्या सोमवारी परततील. त्यांना खरे सांगून निष्कर्ष मागे घेतो आणि नवा विषय शोधतो. तुम्ही रागवाल. रागवा, पण पुढच्या विषयापुरताही थोडा लोभ शिल्लक ठेवा.

तुमचा,
मधुकर


सालईखेडी, दि. ४ फेब्रुवारी १९५५

चि. मधुकर यास अ. उ. आ.

सोमवारच्या आत तुझ्या हाती पडावे म्हणून हे पत्र कवडूबरोबर पुलगावच्या छोट्या गाडीने पाठवतो आहे. त्याला मी आता पुन्हा ओळखीचा झालो आहे.

गावाला मी चावडीवर बसवून पढवले, ही गोष्ट खरी. भागाबाई तयार नव्हती. माणसाला ओळखत नाही म्हटल्यावर त्याला भाजी कोणत्या तोंडाने विकू, असे तिचे म्हणणे पडले. तिला तुझ्या मामीने समजावले. सरांना हे सारे सांग आणि गावची उत्तरे काढून टाक. ती लबाडी माझी.

पण टोल्यावर मी कोणालाच पाठवले नव्हते. तुझे पत्र वाचताना हे ध्यानात आले आणि जेवण तसेच राहिले. मामी म्हणाली, कवडू गेला असेल. कवडू म्हणाला, मालक, तुम्ही सांगितलेच नाही. खरेच सांगितले नव्हते. गाव म्हणताना मला टोला आठवलाच नव्हता.

म्हणून काल नाला ओलांडून गेलो. सभासद झाल्यापासून पहिल्यांदाच गेलो, हे तुला सांगायला हवे. जंगलू नावाचा म्हातारा दारात दोर वळत होता. घरातल्यांशी गोंडीत काही बोलून त्याने माझ्यासाठी खाट टाकवली, पाणी दिले आणि मी कोणत्या गावचा ते विचारले. मी सालईखेडी म्हणालो. नाव सांगायचा धीर झाला नाही.

मत दिले होते काय, असे विचारले तर तो हो म्हणाला. माझ्याच बैलबंड्या टोल्याला मतदानाला घेऊन गेल्या होत्या, आणि उमेदवारांच्या पेट्यांपैकी कोणत्या पेटीत चिठ्ठी टाकायची ते माझ्याच माणसांनी सांगितले होते. टोल्याच्या मतांवर मी निवडून आलो, हे निकालाच्या दिवसापासून मी लोकांना अभिमानाने सांगत आलो आहे. मधुकर, त्या खाटेवर मला जेवढी लाज वाटली तेवढी जन्मात वाटली नव्हती.

तेव्हा निष्कर्ष मागे घेऊ नकोस. तो खरा आहे आणि माझ्यावरच खरा ठरला आहे. चतुर्वेदीला पुन्हा टोल्यावर जायचे असेल तर जाऊ दे, मात्र लवकर. मी मंगळवारी तिकडे जाणार आहे, या खेपेस नाव सांगून, आणि पाण्यासाठी त्यांना नाल्यात उतरावे लागते त्याचे काय करायचे ते विचारायला.

तुमच्या भागातून निवडून कोण आले, असे मी निघताना जंगलूला विचारले होते. त्याचे उत्तर तुझ्या प्रबंधासाठी जसेच्या तसे लिहितो: "थे काई मले मालूम नाई जी. पन बंडीचे बैल लय चांगले होते."

मामाविषयीचा लोभ कमी करू नकोस. सध्या मला त्याची गरज आहे.

तुझा,
सदाशिवमामा