खड्ड्यातली कळशी

मुरूम, ६ मे २०२४

श्री. गुंडप्पा भावजींस प्रेमाबाईचा शरणार्थ, वि. वि.

गेल्या उन्हाळ्यात त्या सकाळी सडा टाकून, चूल पेटवून मी कळशी घेऊन गिरणीमागच्या अर्थिंगच्या खड्ड्याकडं निघाले होते. रोजचंच काम. त्यातलं मीठ-कोळसा ओलं राहिलं पाहिजे, असं तुमचे दादा सांगायचे. तुम्ही कळशी धरलीत. टँकरचं पाणी मातीत घालता व्हय, असं म्हणून म्हशीपुढं ओतलंत. पुन्हा घालायचं नाही, असं बजावलंत. पुढं खड्डा कोरडाच राहिला, आणि एक दिवस यांचा हात गिरणीच्या लोखंडाला लागला.

फोन तुम्ही कट करता, म्हणून लिहिते. लेकीचं शाळेचं पुस्तक वाचते आहे. विजेचा दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये, अडथळा ओहममध्ये मोजतात. ओहम हा जर्मन मास्तर. त्याचंही आधी कुणी ऐकलं नाही. कोरड्या मातीत अडथळा वाढतो. मग लोखंडात उतरलेली वीज माणसातून वाट काढते. गॅल्व्हानीनं मेलेल्या बेडकाचा पाय हलताना पाहिला. ते पान मी पुन्हा उघडलं नाही. यांचाही पाय हलत होता. मला वाटलं, आहेत.

मातीच्या दिवशी माझा पायगुण वाईट म्हणालात. खड्डा कोरडा होता, एवढं एकदा चारचौघांत सांगा.

लोभ उरला असेल तर राहू द्या.
प्रेमाबाई

सोलापूर, १४ मे

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. लई हसलो. वहिनी आता जर्मन मास्तराकडं शिकवणीला जातात, असं आमच्या घरातली म्हणाली. दादाचं आयुष्यच तेवढं होतं. मातीत पाणी ओतून कुणी वाचत न्हाय. गावात तमाशा केलात तर गिरणीमागची खोली रिकामी करावी लागंल.

येत्या सोमवारपासून आमचा बंडप्पा गिरणीवर बसणार आहे. एकुलता एक आहे. रोज खड्ड्यात कळशीभर पाणी ओतत जा. मीठही टाका. विसरू नका.

लोभ आहेच, वाढवावा.
गुंडप्पा

मुरूम, २२ मे

भावजींस शरणार्थ.

बंडप्पा रविवारी पोचला. हसतो अगदी यांच्यासारखा. दळण घेऊन आलेल्या बायांसमोरच त्यानं विचारलं, काका नेमके कसे गेले. मी सांगितलं. मग तुमचं पत्र वाचून दाखवलं, तुम्ही माझं दाखवलंत तसंच. कुणी हसलं नाही. त्याच्या मोबाइलवर तुमचा फोन वाजत होता. त्यानं कट केला.

खोली कधी रिकामी करायची ते कळवा.

रविवारी टँकर आला नाही. घरात एकच कळशी पाणी होतं आणि म्हैस दाव्याला हिसके देत होती. सोमवारी सकाळी, बंडप्पानं गिरणी सुरू करायच्या आधी, ती कळशी मी खड्ड्यात ओतली.

प्रेमाबाई