शेषाद्रींची एकतीस नाणी

१८ सप्टेंबर, गुरुवार
शेषाद्री आले. दर गुरुवारी येतात. बँकेतून रिटायर, बोलणं तंजावरी मराठी, छंद रोमन बादशहांची ब्राँझची नाणी. बिचारे एकटे (घरात मुलगा-सून सोडून). मी कंपनी देतो. माझं काय, बायको शैला गेल्यापासून एकटेपणाची सवय आहे.
संकल्प: दिवाळीपर्यंत सगळे बादशहा पाठ. शून्यातून गॅरेज उभं केलं, नुसत्या आवाजावरून इंजिनाचा रोग सांगितला. बादशहा असून असून किती असतील?

१९ सप्टेंबर
ऐंशीच्या वर आहेत. सुधारित संकल्प: फक्त दाढीवाले.

२५ सप्टेंबर, गुरुवार
शेषाद्री दहा दिवस तंजावरला. घरात रंगकाम, म्हणून नाण्यांची पेटी माझ्याकडे. एकतीस नाणी, सगळी काळी-हिरवी. म्हणाले, माधवराव, पोरं तुमच्या ओटीत घालतोय. अख्ख्या चेन्नईत विश्वासाचा माणूस मीच.

१ ऑक्टोबर, बुधवार
आयुधपूजा. गॅरेज जूनमध्ये विकलं, त्यामुळे यंदा धुवायला एक पानाही नाही. सकाळपासून हात शिवशिवत होते.
दहा वाजता सुचलं! चिंच, मीठ, जुना टूथब्रश. दुपारपर्यंत एकतीस बादशहा समईसारखे लख्ख. कुंकू लावलं, झेंडू वाहिला. फोन करायचा नाही. सरप्राइज.

९ ऑक्टोबर, गुरुवार
शेषाद्रींनी पेटी उघडली. झाकण लावलं, पुन्हा उघडलं. अति आनंदाने होतं तसं. मग म्हणाले, तो हिरवा थर सोळाशे वर्षांचा होता, माधवराव. तो मळ नव्हे, तेच तर नाणं. मी म्हटलं, आता चेहरे तरी ओळखू येतात. ते म्हणाले, हो, येतात.
पेटी घेऊन गेले. कॉफीला हात लावला नाही. तंजावरचं पाणी बाधलं असणार.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
आले नाहीत. पावसामुळे. (इकडे ऊन होतं.) केलेली कॉफी वाया कशाला घालवा, दोन्ही टंबलर मीच प्यायलो.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
आले नाहीत. दिवाळीची गडबड. दिवाळी सोमवारी झाली, पण गडबड राहते.

३० ऑक्टोबर, गुरुवार
शेवटी मीच फोन केला. सून रंजनीने उचलला. मामंजी झोपलेत म्हणाली. मागून शेषाद्रींचा आवाज: झोपलो म्हणून सांग. माझे कान तिखट. काही माणसं झोपेत फार स्पष्ट बोलतात.
मग रंजनीला विचारलं, डोशाचं पीठ किती तास आंबवायचं. मग पाण्याच्या टँकरचं. मग हवेचं. चार मिनिटं छान गप्पा झाल्या. मग ती म्हणाली, कुकरची शिट्टी झाली काका, ठेवते.
मला काही ऐकू आली नाही.