सोयाबीनचं सुंडल

१९ ऑक्टोबर १९९३, मंगळवार. दुपारी सव्वातीन.

वन्संनी माझं बी शिजवलं!

शेजारच्या सुंदरीमुळे कळलं. दारातच तिनं छोटी कापडी पिशवी नाचवली. आत पानसुपारी, हळकुंड. "टीचरम्मा, माझा नंबर त्र्याऐंशी. लॉटरी कधी काढणार?"

त्र्याऐंशी! ती माझी नंबर घातलेली पिशवी. तिरुवलंचुळीच्या शेतातल्या त्र्याऐंशीव्या सोयाबीनच्या झाडाच्या शेंगा मी स्वतः सोलून तीत भरल्या होत्या. धावत स्वयंपाकघरात गेले. नागलक्ष्मी वन्सं — ह्यांची थोरली बहीण, नवरात्रातल्या कोलूच्या बाहुल्या मांडल्यापासून घरची महाराणी — सुंडलाच्या उसळीवर खोबरं पेरत होत्या.

"बायकांना तांबूल द्यायला पिशव्या हव्या होत्या, वहिनी. आतलं मोच्चै वाया कशाला घालवायचं? आजचा नैवेद्य झाला. उरलेलं डब्यात आहे की!"

डब्यात. शंभरावर झाडांचं बी, मोच्चै म्हणजे वाल समजून सगळं एकत्र!

ह्यांनी दोन वाट्या खाल्ल्या. "मीठ कमी आहे." बायकोच्या कामाबद्दल एवढंच मत.

२० ऑक्टोबर

वन्संना समजावू पाहिलं. सोयाबीनचं तेल लवकर खवट होतं. म्हणून कारखान्यात ते घट्ट करतात, आणि ते हृदयाला वाईट. एका वाणाचं तेल मुळातच टिकतं, पण झाड नाजूक. आपल्याकडचं झाड दणकट. मी दोघांचा संकर केला. आता हरेक झाड निराळं. प्रत्येकाची पानं नंबर घालून प्रयोगशाळेत गेलीत, त्याच नंबरचं बी मागाहून जायचं होतं. पान आणि तेल ताडून पाहिलं की चांगल्या तेलाचा गुण जनुकांच्या नकाशावर कुठे बसलाय ते कळतं. मग कोवळ्या रोपाच्या पानावरूनच निवड करता येते. पण कुठलं बी कुठल्या झाडाचं हेच गेलं, तर नकाशा कसला?

"पण तिळाच्या तेलाला काय झालंय?" वन्सं म्हणाल्या.

बत्तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. इतक्या मठ्ठ प्रश्नाला तोंड द्यायची पाळी कधी आली नव्हती.

२१ ऑक्टोबर

आमच्या मेलकावेरीत घरोघर फिरून पिशव्या परत आणल्या. सगळ्या जणी हसल्या. आता रिकाम्या पिशव्यांचं काय लोणचं घालू?

२२ ऑक्टोबर

सकाळपासून ताटात उरलेलं बी पसरून बसले. कुणाचा डोळा काळा, कुणाचा तपकिरी. त्यानं काय होणार! वन्सं न बोलावता समोर येऊन बसल्या आणि निवडू लागल्या — बारीक दाणे एकीकडे, टपोरे एकीकडे. तांदूळ निवडतात तसे!

"उठा," म्हटलं. "तुम्ही पुरेसं केलंत."

त्या उठल्या. जाताना ह्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात — "कॉन्व्हेंटात शिकलेल्यांना रागसुद्धा इंग्रजीत येतो."

बोलणं बंद. त्यांच्या हातची कॉफीही बंद. (माझ्या हातची कॉफी मलाच आवडत नाही.)

२५ ऑक्टोबर

बाहुल्या पेटीत गेल्या. घर गप्प.

पुन्हा पहिल्यापासून म्हणजे तीन वर्षं. मी सत्तरीला आले. वाकून शेंगा तोडताना कंबर धरते. हे एवढं एक काम पुरं व्हावं असं वाटत होतं. मोठं नाव नको होतं. त्या नकाशावर ती एक जागा सापडली असती, बस्स.

प्रयोगशाळेत भाचा आहे, चंद्रमौली. त्याला काय तोंडानं सांगू? नणंदेनं नैवेद्य दाखवला म्हणून?

२७ ऑक्टोबर, बुधवार

बूथवरून चंद्रमौलीला फोन लावला. सुंडलाचं सगळं सांगितलं. तो म्हणाला — "आत्या, तुम्हाला कुणी कळवलं नाही? सोयाबीनचं काम सप्टेंबरातच बंद झालं. सूर्यफुलासाठी फ्रीझरमध्ये जागा हवी होती... तुमची पानं टाकून दिली."

सप्टेंबरात! मी तेव्हा उन्हात एकेका झाडाच्या शेंगा वेगळ्या तोडत होते.

वन्संना जाऊन सांगितलं. त्यांनी कॉफी पुढे ठेवली. "म्हणजे शेतातून आणल्या दिवशीच सुंडल करायला हरकत नव्हती!"

प्रयोगशाळेच्या संचालकांना आजच पत्र: कुणाच्या हुकमानं टाकली, आणि मला का कळवलं नाही? लेखी उत्तर हवं. १५ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत.